अठ्ठावन्न किलोची बाई

१

बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. शंभर ग्रॅममध्ये इतकी ऊर्जा, इतकी साखर, इतके स्निग्ध पदार्थ. तो तक्ता मी करते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं आहोत आणि दिवसभर आम्ही तिघं अंदाज करतो. लोकांना वाटतं तो आकडा मोजलेला असतो. तो बराचसा गुणाकारातून आलेला असतो, आणि दहा-पंधरा टक्के इकडचं तिकडे झालं तरी कुणी फाशी देत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे आकडे येणार आहेत त्यांच्यावर माझाच धड विश्वास नाही.

टिल्लू पाच महिन्यांचा झाला आणि मी अर्धवेळ कामावर परत गेले, सकाळी आठ ते दुपारी दोन. त्याला सांभाळायला नवऱ्याची मोठी बहीण आमच्याकडे येऊन राहिली. ताई काटकुळ्या, गुडघा धरलेला, पण मुलाला घेऊन बसल्या की सिंहासनावर बसल्यासारख्या. मी दारातून आत आले की टिल्लू आधी माझ्याकडे बघायचा, मग ताईंकडे, जणू विचारायचा की ह्या बाईंकडे जाऊ का.

त्याच महिन्यात नवऱ्याने व्यायामाची सायकल आणली. एक व्यायामशाळा बंद पडत होती, तिथून स्वस्तात.

"तूच म्हणत होतीस ना, वजन उतरत नाही."

मी म्हणत होतेच. पण ते ऐकून "छे गं, कुठे" म्हणायचं असतं, सायकल आणायची नसते. हे त्याला कोण सांगणार?

सायकल मागच्या छोट्या खोलीत ठेवली. तिथे एक खिडकी, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि टिल्लूची जाड चटई. रोज दुपारी तीन वाजता मी अर्धा तास पेडल मारायचे. एक नंबरचं बटण माझं. त्यात मी वय भरलं होतं आणि वजन, सहासष्ट किलो. (दोनशे ग्रॅम कमीच भरले. यंत्राशी कसला प्रामाणिकपणा?) उतरताना पडद्यावर आकडा यायचा: दोनशे एकतीस कॅलरी. मी तो घरच्या वहीत पडताळून बघायचे. व्यायामाचा जोर गुणिले वजन गुणिले वेळ. मधला जोर म्हणजे निवांत बसण्याच्या सातपट. सात गुणिले सहासष्ट गुणिले अर्धा तास. यंत्रही माझ्यासारखंच गुणाकार करत होतं, आणि त्यामुळे मला ते थोडं आवडायला लागलं होतं.

२

एका दुपारी घामेजलेलं बोट घसरलं आणि एकच्या ऐवजी दोनचं बटण दाबलं गेलं.

दोन रिकामं असायला हवं होतं. पडद्यावर आलं: मागील फेरी चाळीस मिनिटं, जोर मधला, दोनशे सत्तर कॅलरी.

नवऱ्याला कामावर फोन केला.

"तू सायकल चालवतोस का रे?"

"मी? मला जिना चढताना दम लागतो."

"मग दोन नंबरवर कोण आहे?"

"अगं, जुन्या जागेतलं राहिलं असेल. पुसून टाक."

पटण्यासारखं होतं. पुसण्याआधी मात्र माझा हात आपोआप वहीकडे गेला. कॅलरी माहीत, वेळ माहीत, जोर माहीत. मग उलटा भागाकार केला की चालवणाऱ्याचं वजन हाती येतं. दोनशे सत्तर भागिले सात, भागिले दोन-तृतीयांश तास.

अठ्ठावन्न किलो. जवळजवळ बरोब्बर.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, काय नशीब आहे बाईचं. अठ्ठावन्न!

बटण दाबून धरलं. आकडे गेले, चार आडव्या रेघा उरल्या.

३

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून दोन दाबलं. चाळीस मिनिटं, दोनशे सत्तर कॅलरी.

पुन्हा पुसलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या घरात ताई सत्तेचाळीस किलोच्या. नवरा एक्क्याऐंशी. सहासष्ट म्हणजे मी, अधिक ते दोनशे ग्रॅम. अठ्ठावन्न किलोचं माणूस आमच्याकडे नव्हतं.

तरी ताईंना विचारलंच.

"तुम्ही दुपारी सायकलवर बसता का हो ताई? बसलात तरी चालेल, मी आपलं विचारलं."

"ह्या गुडघ्यावर?" ताईंनी पाय पुढे करून दाखवला. "मी कमोडवर बसते ते देवाचं नाव घेऊन. सायकल म्हणे!"

"कुणी येतं का घरी? म्हणजे, मी नसताना?"

"कोण येणार? मी त्याला मागच्या खोलीत चटईवर निजवते अकरा वाजता आणि इकडे भाजी चिरत बसते. तिथे शहाण्यासारखा पडतो. शेजारणीचं शिलाईचं मशीन चालतं ना पलीकडे, घरघर घरघर, त्या आवाजाने लागते झोप त्याला."

मी मान हलवली. मागच्या खोलीच्या पलीकडे शेजार नाही. जिना आहे.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"अठ्ठावन्न किलोची कोण आहे?"

"काय?"

"तुझ्या ओळखीत. अठ्ठावन्न किलोची बाई."

तो एक बूट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "तू आता वजनावरून बायका ओळखायला लागलीस? मी काय काटा घेऊन फिरतो का?"

"हसू नकोस."

"हसत नाहीये. झोपतेस का तू नीट?"

झोपत नव्हते, हे खरं. आणि भर सकाळी, ताई स्वयंपाकघरात असताना, कुणी माझ्या घरात येऊन चाळीस मिनिटं घाम गाळून जाईल, ह्याला काही अर्थ नव्हता, हेही खरं. यंत्र बिघडलं असेल. मी मनाशी तसं ठरवलं आणि दोनचं बटण दाबायचं बंद केलं.

चार दिवस बंद केलं, नक्की सांगायचं तर.

४

टिल्लू माझं दूध नाकारायला लागला.

कामावरून यायचे तेव्हा माझी छाती भरून दगड झालेली असायची. जिना चढतानाच मी बटणं सोडायला लागायचे, कुणी बघितलं तर बघितलं. आणि हा तोंड लावून दोन घोट घ्यायचा, मग मान वळवायचा. रुसल्यासारखा नाही. जेवून आलेल्या पाहुण्यासारखा. आता नको, खरंच नको.

"बाटली पाजलीत का आत्ता?"

"अगं, बाटलीला तोंड लावत नाही तो," ताई म्हणाल्या. फ्रीजमध्ये सकाळी काढून ठेवलेल्या दोन्ही बाटल्या जवळजवळ तशाच होत्या. "पण रडत पण नाही. मी म्हटलं, तुझी वाट बघत असेल."

मी त्याला खांद्यावर घेतलं. त्याने ढेकर दिली. मोठी, समाधानाची.

त्याच्या मानेपाशी वास येत होता. माझ्या दुधाचा वास मला कळतो. पाच महिने माझे सगळे कपडे त्याच वासाचे होते. हा तसाच होता आणि तसा नव्हता. जरा गोड, आणि गार, जसा बंद माठात तोंड घातल्यावर येतो. मी ओलं फडकं आणून त्याची मान, गाल, हनुवटी पुसली. लाल होईपर्यंत पुसली. तो रडला तेव्हा थांबले.

"काय करतेस?" ताई म्हणाल्या.

"घाम आलाय त्याला."

नवऱ्याच्या शर्टावर परक्या बाईचा वास यावा आणि बायकोने तो शर्ट धुवायला टाकावा, तसं काहीतरी मी करत होते. फरक एवढाच की माझ्या हातात शर्ट नव्हता.

५

दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं, कार्डावर ठिपका काढला आणि मागच्या ठिपक्याशी जोडला. रेघ जिन्यासारखी वर गेली.

"सात किलो शंभर होता. आज आठ! एका महिन्यात नऊशे ग्रॅम? काय हो, पाजता काय ह्याला?"

"माझंच. आणि फळाचा गर, चमचाभर."

"मग चांगलं लागतंय तुमचं दूध." त्यांनी त्याच्या मांडीला चिमटा काढला. "असंच चालू ठेवा."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला काटा मागच्या खोलीत नेला आणि पुढचे आठ दिवस मी घरी असताना टिल्लूचं प्रत्येक दूध मोजलं. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, मधला फरक म्हणजे दूध. माझ्या माघारी तो बाटलीतून किती घेतो तेही बाटलीवरच्या खुणांवरून.

"पोर आहे की बटाटे?" ताई म्हणाल्या.

मी बेरीज केली. एवढं मूल, एवढी वाढ, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहाशे कॅलरी पोटात जायला हव्यात. माझ्याकडून, बाटलीतून, गरातून मिळून जात होत्या तीनशे ऐंशी.

दोनशे सत्तर कमी.

मी पुन्हा केलं. दुसऱ्या पद्धतीने केलं. वाढीची ऊर्जा वेगळी धरली, तेव्हा दोनशे पासष्ट आलं. गर वगळला तर दोनशे ऐंशी. प्रयोगशाळेत आकडा असा चोख जुळून आला की आमचे साहेब म्हणतात, नमुना बदला, कुठेतरी घोळ आहे. अंदाज इतके जुळत नसतात.

मी वही मिटली. शहाण्या बाईला तेव्हा भीती वाटली असती. मला त्या दुसरीचा हेवा वाटला. मी दिवसातला अर्धा तास पेडल मारायचे ते माझं पोट कमी व्हावं म्हणून. ती मारत होती त्याचं सगळं त्याच्या अंगी लागत होतं.

६

बुधवारी मी डोकं दुखतंय म्हणून अकराला कारखान्यातून निघाले.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर आवाज आला. घरघर. एका लयीत, न थकता. शिलाईच्या मशीनसारखा म्हणायला हरकत नाही. मी भिंतीला कान लावला, तेव्हा भिंत बारीक थरथरत होती.

किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरात नळ सोडलेला, ताईंची पाठ माझ्याकडे. चपला हातात घेऊन मी मागच्या खोलीपर्यंत गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

कुणी नव्हतं.

सायकलचं चाक मंदावत होतं. पेडल अजून अर्धा फेरा फिरलं, खाली आलं आणि राहिलं. पडदा उजळलेला होता. अडतीस मिनिटं. हँडलवर धातूच्या दोन पट्ट्या असतात, हात ठेवले की नाडी दाखवतात. हँडलवर कुणाचे हात नव्हते आणि पडद्यावरचं हृदय लुकलुकत होतं. शहाण्णव. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव. कष्टानंतर माणूस दम खातो, तेव्हा जसे ठोके उतरतात तसे.

मी पट्टीवर हात ठेवला. कोमट होती. सीटसुद्धा.

टिल्लू चटईवर जागा होता. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या थोडं वर, सीटच्या वरच्या रिकाम्या हवेकडे बघत होता आणि हसत होता. टाळूपर्यंत दिसेल असं. माझ्यासाठी तो असं कधी हसला नव्हता, मला आठवत तरी नाही.

मग त्याची नजर खाली आली. मी दिसले.

त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने भोकाड पसरलं.

७

"बिल्डिंगच्या तळघरात ठेवू," मी नवऱ्याला म्हटलं. "आज. आत्ता."

"अगं, पण तुला तर फायदा होत होता ना? दीड किलो उतरलं म्हणालीस."

"मला नकोय ती."

"कोण ती?"

"सायकल!"

त्याने आणि रखवालदाराने ती उचलून नेली. तळघरात जुने पलंग, मोडके कूलर होते, त्यांच्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. मी वर खिडकीत उभी होते. मला इतकं हलकं वाटत होतं की गाणं म्हणावंसं वाटलं. सवतीचं सामान दाराबाहेर काढल्यावर असंच वाटत असणार.

त्या दुपारी टिल्लू माझ्याकडे प्यायला. पोटभर प्यायला. दोन्ही बाजू रिकाम्या केल्या. मी त्याच्या केसांवरून हात फिरवत रडले, आणि ताई दारात येऊन गेल्या तरी मी डोळे पुसले नाहीत. बघू देत.

८

तो रोज तसाच प्यायचा. आणि वाळत गेला.

आधी मला वाटलं माझे डोळे. मग त्याच्या मनगटावरची वळी गेली. मांडीची कातडी सैल पडली. आधी जोरात रडायचा, पुढे रडणंही बारीक झालं, दाराच्या बिजागरीसारखं. तीन आठवड्यांनी नर्सबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं आणि लगेच उचललं. काटा शून्यावर आणून त्याला पुन्हा ठेवलं. सात किलो तीनशे.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, छाती ऐकली. सगळं ठीक. दुधाचंही विचारलं. मी वही दाखवली. दिवसाला सातशे कॅलरी जात होत्या, आधीच्या जवळजवळ दुप्पट. डॉक्टरांनी वही चाळली आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

"काही वेळा आईच्या मोजण्यात चूक होते," ते म्हणाले.

बाहेर बाकावर नर्सबाई त्याला झबलं घालत होत्या. "घरातलं कुणी गावाला गेलंय का हो? आजी वगैरे? काही मुलं फार जीव लावतात. माणूस गेलं की अंगी लागेनासं होतं."

"नाही," मी म्हटलं. "सगळे आहोत आम्ही."

परतताना रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. त्याचं डोकं मोठं वाटायला लागलं होतं. मी मनात म्हणत होते, मी आहे ना, मी आहे ना, आणि तो बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलकडे मान वळवत होता.

घरी आल्यावर ताईंनी त्याला घेतलं.

"सायकल आण परत," मग म्हणाल्या.

"का?"

"मी का ते विचारत नाही आणि तूही मला विचारू नकोस. तिकडे शेजार नाही हे मला काय कळत नव्हतं? तो खात होता, एवढं मी बघत होते."

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काही माहीत नाही," ताई म्हणाल्या. "माझा स्वतःचा संसार झाला नाही. दुसऱ्यांची पोरं सांभाळली जन्मभर. कोण त्याची कोण, हे मोजत बसायची चैन मला कधी परवडली नाही."

९

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. नवरा आणि रखवालदार सायकल वर ठेवून गेले. ताईंना मी बाजारात पाठवलं, तासभर तरी येऊ नका म्हटलं.

अकरा वाजता टिल्लूला मागच्या खोलीत चटईवर ठेवलं. पायात मोजे घातले, फरशी गार होती. तो पडून राहिला, कूस बदलण्याचीही ताकद नसल्यासारखा. मी दोनचं बटण दाबलं. तळघरात पडून सगळं पुसलं गेलं होतं, चार आडव्या रेघा. शेवटी मी म्हटलं, "त्याला फक्त पाज." रिकाम्या सीटला. माझा आवाज कामवाल्या बाईला सूचना देताना होतो तसा झाला होता, म्हणून पुन्हा म्हटलं, "पाजतेस का?"

बाहेर आले. दार लोटलं, बोटभर फट ठेवून, आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

काहीच झालं नाही. खाली कुणीतरी बादली ठेवली. वाळत घातलेल्या चादरीचं टोक वाऱ्याने दाराला लागत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आता आत जावं, त्याला उचलावं, दुसरा डॉक्टर शोधावा. मी शिकलेली बाई आहे.

घरघर सुरू झाली.

आधी अडखळत, जसं बऱ्याच दिवसांनी बसलेलं माणूस चालवतं. मग लय लागली. त्या लयीत दुसरा एक आवाज मिसळला, चुटूक, चुटूक, घाईघाईने गिळण्याचा. हा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता.

मी फटीला डोळा लावला. फटीतून चटई दिसत होती. चटई रिकामी होती. तिच्या मागे पेडल वर-खाली होत होतं. आणि त्याच्या वर, सीटच्या उंचीवर, जिथे बसलेल्या बाईची मांडी असते तिथे, मोजा घातलेला एक एवढासा पाय लोंबत होता. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर झुलत होता. कुणीतरी त्या पायाचा तळवा अंगठ्याने चोळत होतं, मोज्याला खळगा पडत होता, उठत होता, पडत होता. अंगठा मला दिसला नाही.

गिळणं थांबलं. ढेकर आली. आणि मग माझ्या मुलाने, पहिल्यांदाच, अगदी स्वच्छ म्हटलं, "आई."

माझा हात दारावर होता. मी ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ," आतून कुणीतरी म्हटलं, मायेने, जरा धापा टाकत.

पेडल थांबलं नव्हतं. त्याचं अजून पोट भरायचं होतं. मी दाराची कडी धरली आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.